खुनी कोण ते नंतर बघू, आधी या चुका टाळा

"ताई, एखादं भारी थ्रिलर सुचवा ना, पण नुसतं टाइमपास नको, काहीतरी विषय असलेलं हवं." हा मेसेज मला इतक्यांदा येतो की आता उत्तर तयारच ठेवलंय, नावं कॉपी करायची आणि पाठवायची. पण खरी कटकट त्याच्या नंतर सुरू होते. पंधरा दिवसांनी तोच माणूस परत येतो आणि सांगतो, चांगलं होतं हो, पण मधे फार बोअर झालं. नाहीतर, लॉजिक नाही त्यात. आणि मी दोन प्रश्न विचारले की कळतं, पुस्तक त्याने वाचलेलंच नाही, खुनी सापडेपर्यंत नुसता पळत सुटला होता. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

पहिली चूक, माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी. 'माहितीची' पानं गाळणं.

मियुकी मियाबे नावाची जपानी लेखिका आहे. १९९२ साली आलेली तिची एक कादंबरी इंग्रजीत 'ऑल शी वॉज वर्थ' या नावाने मिळते. सुरुवात एकदम साधी. टोकियोतला एक पोलीस पायाच्या दुखापतीमुळे रजेवर घरी बसलाय, आणि नात्यातला एक मुलगा येऊन म्हणतो, माझी होणारी बायको गायब झालीय, शोधून द्या. गायब कधी झाली, तर क्रेडिट कार्डासाठी अर्ज केल्यावर तिच्या नावावर जुनी दिवाळखोरी निघाली तेव्हा. पुढे कळतं की ती ज्या नावाने वावरत होती ती बाईच ती नाही. हे सगळं पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर असतं, त्यामुळे स्पॉयलर म्हणून ओरडू नका.

तर या पुस्तकात एक वकील येतो आणि बरीच पानं नुसता बोलतो. नव्याने कमवायला लागलेल्या पोरांना कार्डं कशी हातात ठेवली गेली, एक हप्ता भागवायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं, असं कसं होत गेलं, सगळं. तिथे तो एक फार महत्त्वाचं बोलतो. कर्जात बुडालेल्या माणसाला एकट्याला दोष देणं म्हणजे रस्ता कसा होता, गाडी कशी होती, नियम काय होते हे काही न बघता अपघाताचं खापर फक्त ड्रायव्हरवर फोडणं. आणि हे तो ज्याला सांगतोय ना, त्या पोलिसाची बायको अपघातातच गेलेली आहे! लेखिकेने हे उगाच ठेवलेलं नाही. तो माणूस ते वाक्य ऐकून पुढचा तपास वेगळ्या नजरेने करायला लागतो, गुन्हेगार शोधायचा म्हणून निघालेला असतो आणि हळूहळू त्याला ती बाई समजून घ्यायची असते.

आमच्या वाचनगटात हे पुस्तक घेतलं होतं. महिन्याला एक पुस्तक, कोणाच्या तरी घरी जमायचं, चहा-पोहे, गप्पा. गटात एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, वाचतात भरपूर आणि बोलतात त्याहून भरपूर. त्या दिवशी चहा यायच्या आधीच काकांनी निकाल दिला, "मोटिव्ह कमजोर आहे. एवढ्याशा कर्जासाठी कोणी असलं काही करतं का?" मग ते तसंच रेटत राहिले, दोघं-तिघं माना डोलवायलाही लागले, कारण काका बँकेतले, कर्जाबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळणार. मी म्हटलं, काका, त्या वकिलाचं काय म्हणणं होतं? काका म्हणाले, "कोण वकील?" अख्खं प्रकरण गाळलेलं! आणि वर कारण काय, तर "व्याज-बिज ते मला सगळं माहितीय गं, चाळीस वर्षं तेच केलं."

तेवढ्यात आमच्यातली एक मुलगी, जी एरवी मीटिंगभर गप्प असते, ती म्हणाली की तिच्या भावाने मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवरून कर्ज घेतलं होतं, तर वसुलीचे फोन तिच्या ऑफिसमधल्या लोकांना जायचे, कारण त्याच्या फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे गेले होते. रक्कम किती होती ते तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. काका म्हणाले, "हो, पण ते वेगळं." म्हटलं, वेगळं नाहीये, तुम्ही गाळलेल्या पानांत तेच आहे. काकांनी पुस्तक परत घरी नेलं. पुढच्या महिन्यात वाचून आले की नाही ते विचारू नका, विषय निघाला की ते पोह्यात दाणे कमी आहेत वगैरे बोलायला लागतात.

माझं साधं आहे. या प्रकारच्या पुस्तकात जिथे कंटाळा यायला लागतो तिथे मी पान दुमडते, हो दुमडते, नाकं मुरडू नका, आणि ते प्रकरण दुसऱ्या दिवशी सकाळी वाचते, रात्री नाही. रात्री अकराला झोप अनावर झालेली असताना कर्जाचे, जमिनीचे, कायद्याचे तपशील डोक्यात जाणारच नाहीत, मग लोक म्हणतात लेखकाने पाल्हाळ लावलाय. नेहमीच्या खूनकथेत माळ्याचे बूट ओले का होते हा क्लू असतो, इथे व्याज कसं लागतं हा क्लू असतो. बुटाचं वाक्य गाळाल का?

दुसरी चूक, पहिलीची सख्खी बहीण. "पण ही लोकं सरळ पोलिसात का नाही गेली?"

हा प्रश्न विचारून लोक मागे रेलून असे बसतात जणू लेखकाला रंगे हाथ पकडलं. अरे बाबा, लेखकाला सुचलं नसेल का ते? बहुतेक वेळा पोलिसात का गेले नाहीत हेच तर पुस्तक असतं.

स्टीग लार्सनचं 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' बघा. लार्सन मूळचा पत्रकार, स्वीडनमधल्या कट्टर उजव्या संघटनांच्या मागे लागलेला, २००४ मध्ये वारला आणि पुस्तक आलं २००५ मध्ये. त्यातली लिस्बेथ सज्ञान आहे, डोक्याने आपल्या सगळ्यांपेक्षा तेज आहे, पण सरकारी कागदावर ती स्वतःचे व्यवहार सांभाळायला असमर्थ ठरवलेली आहे. तिच्या पैशांवर कोर्टाने नेमलेल्या पालकाचा ताबा. आणि तोच माणूस तिच्यावर अत्याचार करतो. आता सांगा, ती पोलिसात जाऊन काय सांगणार, आणि कागद कोणाच्या बाजूने बोलणार? हा प्रश्न मला विचारणाऱ्यांनी एक गोष्ट हमखास गाळलेली असते. या पुस्तकाच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक ओळ छापलेली आहे. पहिल्या भागाला आहे की स्वीडनमधल्या १८ टक्के बायकांना कधी ना कधी पुरुषाने धमकावलंय. दुसऱ्याला, ४६ टक्के बायकांनी पुरुषाकडून हिंसा सोसलीय. आणि चौथ्याला आहे की लैंगिक अत्याचार झालेल्या बायकांपैकी ९२ टक्के जणींनी शेवटची घटना पोलिसांना कळवलीच नाही. म्हणजे "पोलिसात का नाही गेली" याचं उत्तर लेखकाने वेगळ्या पानावर छापून ठेवलंय आणि तुम्ही अंगठ्याने ते पान उलटून पुढे गेलात. प्रकरणाचं नाव असेल म्हणून!

आपल्याकडचं उदाहरण हवं तर दीपा अनप्पाराचं 'जिन्न पॅट्रोल ऑन द पर्पल लाइन' घ्या, २०२० मधलं. झोपडवस्तीतली मुलं एकेक करून गायब होतात आणि नऊ वर्षांचा जय, टीव्हीवर पोलिसांच्या मालिका बघून बघून स्वतःला डिटेक्टिव्ह समजायला लागलेला, मित्रांना घेऊन तपास करतो. यात लोक पोलिसांकडे जातात हो. पण पोलीस पैसे उकळतात आणि वर वस्तीवर बुलडोझर आणायची भीती घालतात. मग तक्रार करायची की घर वाचवायचं? निवेदन पोराच्या तोंडून आहे, गमतीजमती आहेत, म्हणून काही जण ते बालकादंबरीसारखं भराभर वाचतात आणि शेवटी हादरतात, मग मला फोन. मी काय करू?

आणि याच चुकीचा एक पोटभेद, जुन्या काळातल्या गोष्टीला आजचा कायदा लावणं. सुजाता मेसीची 'अ मर्डर ऑन मलबार हिल', काळ १९२१, आपली मुंबई. एका गिरणीमालकाच्या तीन विधवा, तिघी पडद्यात राहणाऱ्या, आणि त्यांनी आपल्या हक्काचा पैसा वक्फला, म्हणजे मुस्लिम धर्मादाय निधीला, देऊन टाकल्याचे सह्या केलेले कागद. पर्वीन मिस्त्री नावाच्या पारशी वकील मुलीला त्या सह्या खटकतात. पुढे घरात खून होतो, पण पोलीस पुरुष, ते त्या बायकांशी समोरासमोर बोलूच शकत नाहीत, पर्वीन आत जाऊ शकते. पडदा हा नुसता देखावा नाही इथे, अख्ख्या रहस्याचं कुलूप तोच आहे. तरी एक मैत्रीण मला म्हणाली, "त्या तिघी सरळ कोर्टात का गेल्या नाहीत, आणि ही पर्वीन स्वतः का उभी राहत नाही केस लढायला?" अगं, १९२१ मध्ये मुंबईत बाईला वकील म्हणून कोर्टात उभं राहताच येत नव्हतं. बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ चा. पर्वीनमागची एक खरी प्रेरणा म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी, जन्म आपल्या नाशिकचा, १८६६ सालचा, ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली पहिली बाई, आणि तिचं मोठं काम पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेचंच होतं. पारशी लग्नाच्या १८६५ च्या कायद्यात तर नवरा वेश्येकडे जात असेल तर तेवढ्यावर बायकोला घटस्फोट मागता येत नसे. हे माहीत असेल तर पर्वीनच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट वाचताना अंगावर येते, माहीत नसेल तर वाटतं हिला एवढं काय झालं.

मी करते काय, तर पुस्तक हातात घेतलं की आधी साल बघते, गोष्टीतलं पण आणि छापल्याचं पण, आणि पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवते. "हे असं का करतायत" असा प्रश्न पडला की आधी ते साल बघायचं, मग लेखकाला नावं ठेवायची.

आता बाकीच्या चुका, भराभर.

मालिका मधूनच सुरू करणं. माय शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ मध्ये मार्टिन बेक नावाच्या पोलीस डिटेक्टिव्हच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या मिळून एकच मोठी गोष्ट म्हणून. पहिलीत कालव्याचा गाळ उपसताना एका बाईचं प्रेत निघतं आणि ती कोण हे कळायलाच महिने जातात. घाईवाले इथेच सोडून देतात. सोडा, पण मग शेवटच्या पुस्तकांत लेखक सरकारवर एवढे चिडलेले का वाटतात असं मला विचारू नका, तो राग पुस्तकागणिक चढत गेलाय.

परदेशी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून पुस्तक टाकून देणं. बुकमार्कवर नावं लिहा, कोण कोणाचा कोण तेवढंच. पाच मिनिटांचं काम आहे.

कादंबरीतला प्रसंग खरी घटना म्हणून फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करणं. नका करू. विषय खरा असतो, पात्रं बनवलेली असतात.

शेवट आधी वाचणं. याला सगळे चूक म्हणतात, मी म्हणत नाही. या पुस्तकांचा खुनी आधी कळला तरी फारसं बिघडत नाही, उलट तुम्ही निवांत वाचाल. मियाबेच्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचलंत तरी हाताला काही लागणार नाही म्हणा, ते अशा जागी संपतं की बाइंडिंगमधून पानं गळली की काय असं वाटतं. गळलेली नाहीत, लायब्ररीत जाऊन भांडू नका.

दहा मिनिटांत कादंबरी सांगणारे व्हिडिओ बघून गटात मतं मांडणं. ओळखू येतं हो. व्हिडिओत वकील नसतो.

आणि न वाचता वाढदिवसाला भेट देणं. लार्सनच्या पुस्तकात जे प्रसंग आहेत ते बघता मी ते कोणालाही सांगितल्याशिवाय देत नाही. अत्याचाराचे वर्णन आहे, झेपणार नसेल तर राहू दे, असं तोंडावर सांगते. कोणाच्या घरात काय घडून गेलंय आपल्याला माहीत नसतं. नवीन असाल तर पर्वीनपासून सुरू करा, मग जय, मग मियाबे, आणि लार्सन सगळ्यात शेवटी. या क्रमाने सुद्धा मधलं बोअर झालं तर कुठलं पान ते मला नंबरासकट कळवा, नुसतं "मधे" नको.