आवडता बँड, भिकार हॉल: शोला जाताना या चुका टाळा

पंधरा वर्षं हेडफोनवर ऐकलेला बँड एकदाचा पुण्यात आला. शो गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये, जिथे एरवी लग्नं लागतात. मी दोन तास आधी जाऊन बॅरिकेडला चिकटलो. पहिलं गाणं सुरू झालं आणि ढोलपथकाच्या मधोमध उभं राहून पलीकडच्या गल्लीतलं गाणं ऐकतोय असं वाटायला लागलं. गायकाचे ओठ हलत होते, शब्द एक कळेल तर शपथ. चौथ्या गाण्याला पाण्याची बाटली आणायला मागे गेलो आणि साउंडवाल्याच्या टेबलापाशी थबकलो. इथे सगळं ऐकू येत होतं, अगदी बेसगिटारवरून सरकणारी बोटंसुद्धा!

सगळ्यात पुढे म्हणजे सगळ्यात भारी, असं समजणं

मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा आवाज मागच्या गर्दीच्या दिशेने फेकलेला असतो. बॅरिकेडवर उभं राहिलात की तो बराचसा डोक्यावरून जातो. तुम्हाला ऐकू येतात ते खरेखुरे ड्रम, गिटारचे अॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारे खोके) आणि जमिनीवर ठेवलेले सबवूफर, म्हणजे बेसचे, खालच्या पट्टीतल्या आवाजाचे स्पीकर, जे थेट छातीत बसतात. गायकाचा आवाज मात्र स्पीकरमधूनच यायचा असतो, म्हणून तोच हरवतो. चांगले आयोजक यासाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर लावतात, पण पत्र्याच्या हॉलवाल्यांकडून तेवढी अपेक्षा नको.

मिक्सिंग करणारा माणूस, म्हणजे साउंडवाला, जे ऐकतो, त्यावरच तो आवाज जुळवतो. त्यामुळे त्याच्या टेबलाच्या आसपास, किंवा थोडं पुढे, उभं राहा. गायकाचा घाम दिसणार नाही, हे मान्य. ज्यांना घाम बघायचाय त्यांनी खुशाल पुढे जावं, पण मग आवाजाची तक्रार करू नये.

भिंतीला टेकणं

पाय दुखायला लागले की आपण भिंत शोधतो. पण बेस भिंतीपाशी साठतो आणि कोपऱ्यात तर त्याचा नुसता घुमारा होतो. भिंतीपासून दोन-तीन मीटर सुटे राहिलात तरी फरक कळतो. बाल्कनीच्या पोटाखालची जागाही टाळा. वर टांगलेल्या स्पीकरच्या आणि तुमच्या मध्ये ती बाल्कनी येते, मग झांजा आणि शब्द गोधडीतून आल्यासारखे वाटतात.

शब्द एकमेकांत मिसळून लगदा होत असेल, तर एका बाजूच्या स्पीकरच्या समोर थोडं जवळ सरका. थेट येणारा आवाज प्रतिध्वनीपेक्षा वरचढ झाला की शब्द सुटे होतात. नुसताच बेस ऐकू येत असेल, तर स्टेजच्या बरोबर मधल्या रेषेतून बाजूला व्हा. दोन्हीकडच्या सबवूफरचा जोर तिथे एकत्र येतो.

स्टेडियमकडून हॉलची अपेक्षा करणं

धोबी तलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथला रॉक थांबला, याची हळहळ जुने मुंबईकर अजून करतात. तेव्हापासून मोठ्या बँडसाठी आपल्याकडे उरली ती दुसऱ्याच कामाची मैदानं. आयर्न मेडन २००८ साली वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात वाजले, यू-टू डिसेंबर २०१९ मध्ये आणि कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, गन्स अँड रोझेस मे २०२५ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. कुठे क्रिकेट, कुठे घोडे!

एवढ्या मैदानात ध्वनीचा वेगच आडवा येतो. सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे तुम्ही १०० मीटर लांब असाल तर काठी ड्रमवर पडलेली दिसते आणि ठोका पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. ड्रमरचा ताल चुकलेला नसतो. म्हणून मैदानाच्या मध्यात स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. मनोरा तुमच्या आणि स्टेजच्या मध्ये राहील असे उभे राहा. बरोबर त्याच्यामागे नको, नाहीतर पाहायला फक्त लोखंड.

पहिल्या गाण्यावरून निकाल देणं

रिकामा हॉल घुमतो. माणसं, त्यांचे कपडे, पिशव्या वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, त्यामुळे दुपारी साउंडचेकला, म्हणजे शोआधीच्या आवाजाच्या चाचणीला, जुळवलेलं गणित गर्दी झाल्यावर बदलतं. पहिली दोन-तीन गाणी साउंडवाला तेच पुन्हा जुळवत असतो. तेवढा वेळ त्याला द्या. मुख्य बँडच्या आधी वाजणाऱ्या ओपनिंग बँडच्या वाट्याला बिचाऱ्यांच्या तोही येत नाही. तिसऱ्या गाण्यानंतरही चिखलच असेल तर जागा बदला. चालत फिरून ऐका, दहा पावलांवर वेगळं जग असू शकतं.

'रॉकवाले कधी वेळेवर सुरू करतात?' म्हणत उशिरा जाणं

उघड्या मैदानात हे महागात पडतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण आपला शो त्यात असेल हे गृहीत धरू नका. सुरुवात लांबली की कात्री शेवटच्या गाण्यांना लागते, आणि तीच ऐकायला तर आपण गेलेलो असतो.

कानात कापूस

वाईट हॉलमध्ये स्पष्टता येत नाही म्हणून आवाज वाढवला जातो. १०० डेसिबलला कानांसाठी सुरक्षित वेळ फक्त १५ मिनिटांची धरतात. कापसाने काही होत नाही. फोमचे बोळे आवाज कमी करतात, पण झांजा आणि शब्द जास्तच दाबतात. संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच खाली आणतात. घुमणाऱ्या हॉलमध्ये ते घातल्यावर शब्द उलट जास्त कळतात. बायकोने पहिल्यांदा घातले तेव्हा ती गाण्याच्या मधेच माझ्या कानात ओरडली, "अरे, हा मराठीत 'नमस्कार' म्हणाला मघाशी!" मला तो खोकल्यासारखा वाटला होता.