स्ट्राँग पेनकिलर सुरू करायच्या आधी घरात आणि डॉक्टरांशी काय बोलून घ्यायचं

माझा दादा वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहे, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर दहा दिवस ट्रॅमाडॉल लिहिलं होतं, आणि त्या दहा दिवसांचं दीड वर्ष कधी झालं ते घरात कुणालाच कळलं नाही. कळलं ते वहिनीला, कपडे भिजवताना, खिशात रिकाम्या स्ट्रिप्सच्या नखाएवढ्या घड्या सापडल्या, एकेका शर्टात चार-चार. नंतर व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून जे प्रश्न विचारले ते पहिल्याच दिवशी कुणी विचारले असते तर, हेच माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी गोळी ओळखा. स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठं असतं, त्याच्या खालचं बारीक वाचा. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन यातलं काही असेल तर ती अफूच्या जातकुळीतली गोळी, मग सोबत पॅरासिटामॉल असू दे नाहीतर नसू दे. डायक्लो, अ‍ॅसिक्लो हे वेगळं, त्याची अशी सवय लागत नाही. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, आणि शेड्यूल एच१ मधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या कडक यादीतल्या औषधांची मेडिकलवाल्याला रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे "चिठ्ठी राहू दे, घेऊन जा" म्हणणारा मेडिकलवाला ओळखीचा असला तरी तुमच्यावर उपकार करत नाहीये.

आता मुख्य गोष्ट, लहानपण. कंबरेच्या गोळीचा आणि लहानपणाचा काय संबंध असं मलाही वाटलेलं. पण अमेरिकेत १९९५ ते १९९७ मध्ये सतरा हजारांच्या आसपास लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात अठराच्या आतले अनुभव विचारले होते, घरात मारहाण, लैंगिक अत्याचार, कुणी दारुडं, कुणी मानसिक आजारी, कुणी जेलमध्ये, आईला मार, आईबाप वेगळे झालेले असं. पुढे त्याच माहितीतून दिसलं की असे पाच किंवा जास्त अनुभव असलेल्यांमध्ये नशेचे प्रॉब्लेम काहीच नसलेल्यांपेक्षा सात ते दहा पट जास्त. कारण समजून घेतलं की पटतं, जे पोर रोज संध्याकाळी दाराच्या कडीच्या आवाजाने दचकतं त्याचं शरीर मोठेपणीही तसंच ताणलेलं राहतं, आणि ही गोळी नुसती कंबर नाही, तो ताणही बंद करते. आमचे वडील प्यायचे, मारायचे, दादा मोठा म्हणून सगळ्यात जास्त त्यालाच. बाराव्या वर्षी तंबाखू, चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मार्केट सुरू. नशेची कुठलीही वस्तू जितक्या लहान वयात सुरू होते तितका पुढचा धोका जास्त असतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला होता, "अगं, किती वर्षांनी डोकं शांत झालंय." डोकं म्हणाला, कंबर नाही. मी तेव्हा हसले होते. तुमच्या घरात कुणी असं बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मोठेपणीच्या गोष्टी विचारायला सोप्या आहेत कारण त्या डोळ्यासमोर असतात. रोजची दारू, झोप न लागणं, डिप्रेशन, घाबरायला होणं, काम सुटलेलं किंवा सुट्टी घेतली की पगार नाही, संसार मोडलेला, एकटं राहणं, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र. दादाचं काम रोजचं, गोणी उचलली तर पैसे, "गोळी नसली की गोणी उचलत नाही" हे तो अगदी खरं सांगत होता. आणि गोळी जितके दिवस लांबते तितकी ती सुटायची शक्यता कमी होत जाते, त्यामुळे किती दिवस हे पहिल्यांदाच ठरवून घ्या.

ज्याचं लहानपण वाईट गेलं तो अडकणारच असं अजिबात नाही, मी त्याच घरात वाढले. धोका जास्त असेल तर डॉक्टर कमी दिवसांची गोळी देतात, लवकर परत बोलावतात, फिजिओथेरपी आधी सुरू करतात, एवढ्यासाठीच हे सांगायचं.

बोलायचं कसं? सगळ्यांसमोर नको, सासूसमोर तर नकोच. चहा घेताना, आपलं आधी सांगून. मार, अत्याचार याचे तपशील उकरायचे नाहीत, "डॉक्टरांना सांगायला हवं असं काही आहे का, मी बाहेर थांबू का" एवढंच पुरतं. केबिनमध्ये सरळ सांगा, "डॉक्टर, घरात वडिलांना दारूचं व्यसन होतं, ह्यांना स्वतःला तंबाखू आहे, झोपेचा त्रास आहे, ही गोळी किती दिवस, बंद कशी करायची, आणि दुसरं काही चालेल का?" झोपेची गोळी चालू असेल तर ती न विचारता सांगा, अल्प्राझोलाम किंवा दारूसोबत ही गोळी घेतली तर झोपेत श्वास मंदावतो.

घरी गोळ्या एकाच माणसाच्या ताब्यात, वहीत तारीख आणि उरलेला आकडा. आकडा चुकला तर भांडू नका, विचारा. वेळेआधी स्ट्रिप संपणं, दुखणं कमी होऊनही डोस वाढणं, गोळी चुकली की जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब, हे दिसलं तर सवय लागलीय असं समजा, आणि कृपा करून गोळ्या गटारात फेकून एका दिवसात बंद करायला लावू नका, आम्ही तेच केलं आणि त्याचे ते चार दिवस मला बघवत नव्हते. हळूहळू डोस उतरवतात, गरज पडली तर दुसरं औषध देतात. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव ऐकून लोक दचकतात पण मानसोपचाराच्या ओपीडीत जाणं म्हणजे अ‍ॅडमिट होणं नाही. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलीमानस १४४१६.

माणूस हलवून उठत नाही, श्वास मंद किंवा घरघर, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं असेल तर लिंबूपाणी वगैरे काही पाजू नका. १०८ लावा, कुशीवर वळवा, श्वास बघत राहा, स्ट्रिप सोबत न्या.

कॅन्सरच्या पेशंटचं मात्र वेगळं आहे. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक कॅन्सर हॉस्पिटलला येणारे कितीतरी लोक सवयीच्या भीतीने मॉर्फिन लपवून ठेवतात आणि रात्रभर कण्हतात, तिथे डॉक्टर सांगतील तसं आणि वेळेवर द्या, हे सगळं वाचून तिथला हात आखडू नका.

आणि उरलेल्या गोळ्या "कुणाच्या तरी कंबरेला होतील" म्हणून डब्यात ठेवू नका, शेजारच्या काकूंना तर देऊच नका. एरवी औषधं टॉयलेटमध्ये टाकू नयेत असं सांगतात, पण केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने २०२५ ला जी फ्लश करायच्या औषधांची यादी काढली त्यात ट्रॅमाडॉल आहे. आमच्या उरलेल्या अकरा गोळ्या दादाने स्वतः एकेक करून स्ट्रिपमधून काढल्या, वहिनीने वहीत शून्य लिहिलं, तारीख घातली.