फिरवून जोडता येणाऱ्या डंजन-टाइल्स: रोल२० आणि फाउंड्रीसाठी

व्हर्च्युअल टेबलटॉपसाठी, म्हणजे रोल२० किंवा फाउंड्रीसारख्या, भूमिका-खेळ स्क्रीनवर मांडून खेळायच्या प्रोग्रामसाठी, डंजनचा एक सलग मोठा नकाशा काढला, तर तो एका मोहिमेपुरता कामाला येतो. तेच डंजन १० × १० घरांच्या (ग्रिडच्या चौकोनांच्या) चौरस तुकड्यांत, म्हणजे टाइल्समध्ये, काढलं, तर बारा तुकड्यांतून कितीतरी तळघरं आणि भुयारं मांडता येतात, कारण प्रत्येक तुकडा चारही दिशांना फिरवता येतो. अट एकच: कुठल्याही टाइलची कुठलीही कड दुसऱ्या कुठल्याही कडेशी जुळली पाहिजे. फसलेले संच बहुतेक इथेच फसतात. खोली सुरेख असते, पण तिची वाट शेजारच्या बोळापासून अर्धं घर सरकलेली असते, आणि मग ती टाइल एकाच जागी, एकाच दिशेने बसते. म्हणून आधी कड ठरवा. आत काय काढायचं ते नंतर.

खालची मापं डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळासाठी आहेत, म्हणजे एक घर ५ फूट आणि एक टाइल ५० × ५० फूट. चित्रकामासाठी जिंप हा प्रोग्राम धरला आहे. क्रितातही हे सगळं करता येतं.

मापं

रोल२०च्या पानावर एक घर ७० पिक्सेलचं असतं. फाउंड्रीत नव्या दृश्याचं (सीनचं) घर १०० पिक्सेलचं येतं, पण ते बदलता येतं. मूळ चित्र घरामागे २८० पिक्सेलने काढा. त्याचं निम्मं १४०, पाव ७०. दोन्ही वेळा पूर्ण पटीत लहान होत असल्यामुळे रेषा सारख्या जाडीच्या राहतात. २८० वरून १००ला आणलं की काही रेषा तीन पिक्सेलच्या होतात, काही दोनच्या, आणि फरशी गढूळ दिसते. फाउंड्रीत दृश्याचं घरच १४०चं करा, १००च्या मागे लागू नका.

म्हणजे टाइल मुळात २८०० × २८००, फाउंड्रीसाठी १४०० × १४००, रोल२०साठी ७०० × ७००. स्क्रीनवर जवळ जाऊन पाहणारे खेळाडू असतील तर रोल२०वरही १४००ची फाइल चढवून १० × १० घरांत बसवावी.

यापेक्षा मोठं चित्र देण्याचा मोह होतो, पण फाइल कितीही दाबलेली असली तरी स्मृतीत ती उघडूनच बसते, दर पिक्सेलला ४ बाइट. १४०० × १४०० म्हणजे ७८,४०,००० बाइट, साधारण ८ एमबी. नऊ वेगवेगळ्या टाइल्सचे ७० एमबी होतात. त्याच टाइल्स मूळ आकारात ठेवल्या तर २८२ एमबी, आणि जुन्या लॅपटॉपवरचा एखादा खेळाडू तिथेच अडकतो. एकच टाइल फिरवून पुन्हा वापरली तर फाउंड्री तिचं चित्र दुसऱ्यांदा स्मृतीत भरत नाही. सलग नकाशाला ही सोय नाही.

चौरसाखेरीज दुसरा आकार हवा असेल तर लांबी आणि रुंदीतला फरक सम संख्येचा ठेवा. टाइल मध्यबिंदूभोवती फिरते. ५ × १० ची टाइल ९० अंशांत फिरवली की तिच्या कडा अडीच घरं सरकतात, आणि त्यातलं अर्धं घर ग्रिडमध्ये कधीच बसत नाही. ६ × १०, २ × १० आणि १० × २० बिनतक्रार फिरतात.

कड आणि तिची तोंडं

प्रत्येक कडेवर दोन तोंडं, म्हणजे वाट बाहेर पडायच्या जागा, ठेवा: तिसऱ्या आणि आठव्या घरात. डावीकडून तिसरं घर उजवीकडून आठवं असतं, त्यामुळे टाइल फिरवा किंवा आरशातल्यासारखी उलटी करा, तोंडं आपल्याच जागी येतात. मूळ चित्रात ही घरं ५६० ते ८४० आणि १९६० ते २२४० पिक्सेलवर पडतात. बाकीची सगळी कड भरीव खडकाची. खोल्या आतल्या ८ × ८ घरांतच ठेवायच्या, म्हणजे भोवती एका घराचा खडक राहतो आणि दोन टाइल्सच्या खोल्या एकमेकींना चिकटत नाहीत. खोलीची भिंत थेट कडेवर काढली की शेजारच्या टाइलचीही भिंत तिथेच येते आणि जाडी दुप्पट दिसते. त्याहून मोठं दालन हवं असेल तर १० × २० ची टाइल काढा.

तोंडाशी कडेपासून ७० पिक्सेलपर्यंत, म्हणजे पाव घर, काहीही वेगळं काढू नका: तडा नाही, शेवाळ नाही, रक्ताचा डाग नाही. कडेवर कापला गेलेला अर्धा तडा दोन टाइल्सचा सांधा लगेच उघड करतो. गुहेच्या टाइलच्या भिंती आत हव्या तशा वेड्यावाकड्या असू देत, पण शेवटच्या अर्ध्या घरात त्या सरळ होऊन ठरलेल्या पिक्सेलवरच संपल्या पाहिजेत.

फरशीचा सांधा लपवायचा सोपा उपाय म्हणजे कडेवर दगडांची दरज आणणं. दरज ८ पिक्सेलची ठेवा, म्हणजे कडेवर प्रत्येक टाइलच्या वाट्याला ४ येतात. निम्म्यावर आणलं की २, पावावर १, कुठेच अपूर्णांक नाही. दोन्ही बाजूंना तोंडाच्या रुंदीची एक आडवी शिळा घातली की तिथे उंबरठा असल्यासारखं वाटतं आणि नजर अडखळत नाही.

पाण्याचा पाट कडेपार नेऊ नका. तो फक्त पाटवाल्या कडेशीच जुळतो, आणि एका संचाचे दोन संच होऊन बसतात. पाणी टाइलच्या आतच उगम पावू दे आणि आतच जिरू दे.

जिंपमधली मांडणी

नवं चित्र २८००चं नाही, ३०८० × ३०८० चं घ्या. चारही बाजूंना १४० पिक्सेल, म्हणजे अर्धं घर, जादा. ग्रिडचं अंतर २८० आणि सरक (ऑफसेट) १४० ठेवून ग्रिडला चिकटण्याची सोय चालू करा. बोळ आणि खडक या जादा पट्ट्यातही पुढे काढत न्या. शेवटी मधला २८००चा चौरस कापून घ्यायचा.

हा पट्टा सावल्यांसाठी लागतो. भिंतीची सावली धूसर करून काढली जाते, आणि भिंत जर कॅनव्हासच्या कडेलाच संपली तर तिथे सावली फिकी पडते. टाइल्स जोडल्या की प्रत्येक सांध्यावर भिंतीच्या पायथ्याशी एक उजळ खाच दिसते. भिंत कडेपलीकडे गेलेली असली की सावलीही अखंड राहते.

थर खालून वर असे: फरशी, फरशीवरची घाण आणि तडे, सावली, भिंती, भरीव खडक. सावली भिंतीच्या थरावरून ड्रॉप शॅडो या फिल्टरने काढा. आडवी सरक शून्य, उभी सरक शून्य, धूसरता ४० पिक्सेलच्या आसपास, गडदपणा ६० टक्के. सरक शून्यच हवी, यात तडजोड नाही. वर-डावीकडून प्रकाश येतोय असं धरून काढलेली सावली एका टाइलवर छान वाटते, पण ती टाइल १८० अंशांत फिरवून पहिलीशेजारी ठेवली की प्रकाश दोन विरुद्ध दिशांनी येतो आणि उंच भिंत खड्ड्यासारखी दिसू लागते. सगळीकडून सारखी पसरलेली सावली कशीही फिरवली तरी खरी वाटते. मशालीचा पिवळा उजेडही चित्रात काढू नका. तो फाउंड्री देते, आणि दोन्ही एकत्र आले की फरशी पांढरी पडते.

ग्रिडच्या रेषा चित्रात कधीच नकोत. टेबलटॉप स्वतःच्या रेषा काढतो, आणि एका पिक्सेलचा फरक पडला तरी प्रत्येक घराला दुहेरी कुंपण दिसतं. घरं ओळखू यावीत म्हणून मधूनमधून फरशीच्या दरजा घरांच्या कडांवर पाडा, तेवढं पुरतं.

फरशीचा उजळपणा ३५ ते ५५ टक्क्यांत ठेवा, खडक १० ते १५ टक्क्यांत. अंधाराचा परिणाम टेबलटॉप वरून देतो, त्यामुळे मुळातच काळी असलेली फरशी खेळताना दिसेनाशी होते. रंग मळकट ठेवा. फरशीवर लाल, निळं आणि हिरवं टोकन (पात्राची सोंगटी) ठेवून पाहा. तिन्ही एका नजरेत वेगळी दिसली नाहीत तर चूक फरशीची आहे.

पुतळा, वेदी, शवपेटी, उलटलेली गाडी अशा लक्षात राहणाऱ्या वस्तू टाइलवर काढू नका. तीच वेदी दुसऱ्यांदा दिसली की खेळाडू लगेच ओळखतात. त्या पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळ्या काढून वरून ठेवायच्या.

बारा टाइल्स कशा निवडायच्या

प्रत्येक टाइलला आठ तोंडं असली तरी आतून ती सगळी जोडू नका. सगळीकडून सगळीकडे जाता आलं की वाट निवडण्यात अर्थ उरत नाही, आणि डंजन चौकांचं शहर होऊन जातं. बारांपैकी निदान चार टाइल्समध्ये दोन वाटा एकमेकींजवळून जाव्यात, पण भेटू नयेत. दोन-तीन तोंडांमागे दोन घरांची आंधळी वाट आणि शेवटी ढिगारा असावा. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, पाहिली असेल तर वळणं आणि फसव्या वाटा शत्रूला कशा थकवतात हे वेगळं सांगायला नको. अशी एक टाइल संचात हवीच.

बाकी हिशेब साधारण असा: चार बोळांच्या टाइल्स, त्यांत एक अंधारीसारखी, चार मध्यम खोल्यांच्या, दर टाइलला दोन किंवा तीन, एक सहा खांबांचं मोठं दालन, दोन गुहा, आणि एक पाण्याचं टाकं. खांबांचं खोदीव टाकं सह्याद्रीतल्या गडांवर पाहायला मिळतं, आणि लढाईसाठी त्यासारखी जागा नाही: खांबांचा आडोसा, पाण्यात मंदावणारी चाल, आणि वरून झेपावायला उघडं तोंड. जिने कुठल्याही टाइलवर चालतात. खाली जाणाऱ्या पायऱ्या क्रमाने गडद करत न्या. अक्षरं कोरलेली टाइल मात्र उलटी करता येत नाही, तिच्या नावात तसं लिहून ठेवा.

तीन × तीन टाइल्स मांडल्या की बाहेरच्या कडेवर २४ तोंडं उघडी राहतात. ती मिटवायला २ × १० घरांच्या किनारपट्ट्या काढा. बारा पट्ट्या आणि २ × २ चे चार कोपरे लागतात. पट्ट्यांचे तीन प्रकार पुरेत: पूर्ण बंद, एका तोंडाशी दार, एका तोंडाशी वर जाणारा जिना. आतलं एखादं तोंड बुजवायला १ × १ चं बूच लागतं. त्यात २१० पिक्सेल खडक आणि उरलेल्या ७० पिक्सेलमध्ये विरत जाणारी सावली. बुचाचा खडक संचातल्या खडकाच्याच रंगाचा असावा, कलर पिकरने घेतलेला. चोरदरवाजाही अशाच बुचावर काढून ठेवला की तो उघडल्यावर बूच नुसतं काढून घेता येतं.

निर्यात

थर एकत्र करा, २८००वर कापा, मग अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) काढून टाका, आणि त्यानंतरच आकार कमी करा. क्रम बदलू नका. अल्फा असताना लहान केलं तर कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक होऊ शकतात आणि झूम बदलताच टाइल्सच्या मध्ये केसासारखी बारीक रेघ चमकते.

टाइल्ससाठी वेबपी, दर्जा ८५. वस्तूंसाठी अल्फासह वेबपी किंवा पीएनजी. वेबपी चालत नसेल तिथे जेपीजी, दर्जा ९०च्या खाली नको. फार दाबलं की खडकाच्या गडद कडेभोवती राखाडी ठिपके उठतात आणि ते सांध्यावरच जास्त दिसतात. फाइलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहा. त्यात प्रकार, क्रमांक आणि घरांचं माप असू दे.

तपासणीसाठी नव्या दृश्याची पार्श्वभूमी भडक गुलाबी करा आणि नऊ टाइल्स वेगवेगळ्या दिशांना फिरवून मांडा. २५, १०० आणि २०० टक्के झूमवर पाहा. कुठेही गुलाबी रेघ दिसली तर ती टाइल पुन्हा निर्यात करा. रेघ फक्त एकाच झूमवर दिसत असेल तर मांडलेल्या टाइलची रुंदी आणि उंची १ पिक्सेलने वाढवली तरी भागतं. तपासून झाल्यावर पार्श्वभूमीला खडकाचा रंग द्या, म्हणजे उरलीसुरली फट दिसणार नाही.

मांडणी आणि नजरेच्या भिंती

रोल२०वर टाइल नकाशाच्या थरावर टाका आणि माप हाताने १० × १० घरं भरा. कोपरा ओढून मोठी करत बसलात तर माप नेमकं येत नाही. फाउंड्रीत आधी दृश्याचं घर १४० करा, मग टाइलच्या चौकटीत रुंदी आणि उंची १४०० आणि फिरवण्याचा कोन ९०, १८० किंवा २७० असा आकड्यानेच भरा.

फाउंड्रीत नजर आणि प्रकाश अडवणाऱ्या भिंती टाइलसोबत येत नाहीत. टाइल फिरवली तरी त्या जागच्या जागीच राहतात, म्हणून मांडणी पक्की झाल्यावरच काढा. भिंत फरशीच्या कडेवर नाही, तर खडकात पाव घर आत, म्हणजे ३५ पिक्सेलवर घाला. मग खेळाडूंना भिंतीचा दर्शनी भाग दिसतो, पलीकडचं दिसत नाही. शिफ्ट दाबून ठेवली की ग्रिडला चिकटणं थांबतं, कंट्रोल दाबून ठेवली की भिंती साखळीने पुढे जातात.

सांध्यावर खरी काळजी घ्या. दोन भिंतींची टोकं एका पिक्सेलनेही दूर राहिली तर त्या फटीतून प्रकाशाची तिरीप पलीकडच्या खोलीत पडते आणि तिथे कोण दबा धरून बसलंय ते आधीच उघड होतं. प्रत्येक भिंत सांध्यापलीकडे ५ ते १० पिक्सेल जाऊ द्या. भिंती एकमेकींवर चढल्या तर काही बिघडत नाही. शेवटी एक टोकन ठेवून, त्याच्या नजरेने प्रत्येक तोंडातून एकदा जाऊन या, बुचं लावलेल्या तोंडांपाशी विशेष, कारण बूच चित्रात दिसतं पण नजर अडवायला तिथेही वेगळी भिंत घालावी लागते.