शेवाळी पीट जमीन हातात घेऊन कशी ओळखावी

पाणी साचलंय म्हणजे जमीन खोलगट असणार, हा अंदाज आयर्लंडच्या मध्य भागात चुकतो. ऑफली काउंटीतल्या क्लारा बॉगसारख्या दलदली मधोमध फुगलेल्या असतात आणि त्यांना पाणी मिळतं ते फक्त पावसाचं. ते धरून ठेवतं स्फॅग्नम नावाचं शेवाळ. त्याच्या पानांतल्या पोकळ, मेलेल्या पेशी कोरड्या वजनाच्या 15 ते 20 पट पाणी शोषतात. ते खालून मरत जातं, वरून वाढत राहतं. हवा नसल्यामुळे खालचा थर नीट कुजत नाही आणि वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साठतं. अशा जमिनीत चर खणायचा विचार असेल तर आधी पुढच्या तपासण्या कराव्यात.

एकट्यानं जाऊ नका. हिरवागार, सपाट गालिचा दिसतो तिथे बऱ्याचदा खाली पाणीच असतं. पाय हेदरच्या झुडपांच्या बुंध्यांवर ठेवा. सोबत जोडता येणारी 1 मीटरची सळयांची जुडी, रशियन पद्धतीचा पीट कोअरर (खोलवरचा नमुना काढायचं हत्यार), दात्यांची पाव कापायची सुरी, पीएच मीटर, डिस्टिल्ड वॉटर आणि एक रुंद फळी घ्या.

वरची झाडं आधी बघा. स्फॅग्नम, हेदर, पांढऱ्या बोंडांचं कॉटन ग्रास आणि कीटक खाणारी ड्रोसेरा एकत्र दिसली तर शेवाळी पीटची शक्यता मोठी. (ड्रोसेरा म्हणजे कास पठारावरची दवबिंदू, तिथल्या जाती वेगळ्या, पण नत्राची टंचाई तीच.) बोरू आणि लव्हाळी माजलेली असतील तर भूजलावर पोसलेलं, कमी आम्ल पीट असू शकतं.

खोली मोजायला सळई हातानं सरळ दाबत जा. पीटमध्ये ती लोण्यासारखी उतरते. टोकाला करडी चिकणमाती लागून आली किंवा वाळूची करकर जाणवली की तळ आला. मध्येच ठक् आवाज आला तर गाडलं गेलेलं लाकूड असेल. अर्धा मीटर सरकून पुन्हा घाला. मातीच्या वर्गीकरणात पीट जमीन म्हणायला सेंद्रिय थर साधारणपणे 40 सेंटिमीटर लागतो, पण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग शेवाळाच्या तंतूंचा असेल तर 60, कारण इतका हलका थर निचरा होताच खूप बसतो.

आता मुख्य काम. दर 50 सेंटिमीटरवर नमुना काढा आणि अंड्याएवढा गोळा मुठीत घट्ट पिळा. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली एच1 (न कुजलेलं) ते एच10 (पूर्ण कुजलेलं) ही मोजपट्टी पीट किती कुजलंय ते ठरवायला आजही वापरतात. पाणी स्वच्छ किंवा फिकट पिवळं निघालं आणि मुठीत शेवाळाची पानं ओळखू आली तर एच1-एच2. पाणी गढूळ तपकिरी, पण बोटांतून लगदा येत नाही, तर एच3-एच4. थोडासा लगदा बोटांच्या फटींतून सटकला तर एच5, एक तृतीयांश गेला तर एच6, निम्मा गेला तर एच7. दोन तृतीयांश म्हणजे एच8. सगळा गोळा लापशीसारखा निसटून मुठीत काहीच उरलं नाही तर एच10. दाब सारखा ठेवा, आणि कोअररला चिकटलेला बाहेरचा थर सुरीनं खरवडून मगच पिळा, नाहीतर वरच्या थराचा चिखल खालच्या नमुन्यात येतो. उन्हात पडलेला, सुकलेला नमुना या चाचणीला निरुपयोगी.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? पाणी किती सरकेल ते यावरून कळतं. वरच्या 30 ते 50 सेंटिमीटरच्या सैल थरातून ते झरझर जातं. त्याखालच्या कुजलेल्या थरात जवळपास अडकून पडतं. म्हणून खोल चराचा परिणाम दोन्ही बाजूंना थोड्याच मीटरपर्यंत पोचतो. आयर्लंडमध्ये पीट काढायच्या मैदानांवर साधारण दर 15 मीटरवर चर असतात ते उगाच नाही.

पीएचसाठी एक वाटी ओलं पीट, दोन वाट्या पाणी, अर्धा तास, 3.5 ते 4.5 च्या आसपास येईल. घनतेसाठी सुरीनं 10 सेंटिमीटरचा ठोकळा कापा, नमुना घ्यायची धातूची रिंग ठोकू नका, पीट दबतं. हा एक लिटरचा ठोकळा किलोभर भरतो आणि 105 अंशांवर सुकवल्यावर त्यात जेमतेम 50 ते 100 ग्रॅम उरतात.

पाणीपातळीसाठी भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा घाला आणि फळीवर उभं राहूनच वाचन घ्या. पाइपशेजारी पाय ठेवला की पृष्ठभाग दबतो आणि पाणी वर आल्यासारखं दिसतं. पृष्ठभाग स्वतःही ऋतूनुसार वरखाली होतो, म्हणून एक सळई चिकणमातीत पक्की रोवून तिच्यापासूनही अंतर मोजा. चांगल्या स्थितीतल्या दलदलीत पाणी वर्षातला बराच काळ पृष्ठभागाच्या 10 सेंटिमीटरच्या आत असतं.

चर खणल्यावर जमीन आधी आकसते, मग हवा लागून कुजत, विरत जाते. इंग्लंडमधल्या होम फेन या पीटच्या दलदलीत 1851 साली लोखंडी खांब माथ्यापर्यंत पुरला होता. आज तो सुमारे 4 मीटर उघडा आहे. पूर्ण सुकलेलं पीट पुन्हा सहजासहजी पाणी घेत नाही. पीट मॉसची कोरडी गोणी फोडून पाणी ओतणाऱ्या रोपवाटिकावाल्यांना हे ठाऊक आहे.

पीक घ्यायचंच असेल तर चुना पीएच 5.5 च्या आसपास येईपर्यंतच, 6.5 चं उद्दिष्ट खनिज मातीचं. तांबं कमी पडतं, पालाशही. स्फुरद धरून ठेवायला इथे लोह-ॲल्युमिनियम नाही, तेव्हा जास्तीचं खत थेट ओढ्यात जातं. प्रयोगशाळेकडून अहवाल प्रतिलिटर मागा. प्रतिकिलो आकडे इतक्या हलक्या मातीत फसवे मोठे दिसतात.

जुना चर बुजवायचा असेल तर बांध त्याच जागेच्या ओल्या, चांगल्या कुजलेल्या पीटचा घाला. सुकं पीट तडकतं आणि गळतं. दोन्ही कडांत खाच घेऊन बांध आत रुतवा, माथा जमिनीपेक्षा वर ठेवा, कारण तो बसणारच. उतारावर दर 10 सेंटिमीटर पातळी उतरली की पुढचा बांध.