सोसायटीचं फायर ऑडिट आणि इमर्जन्सी प्लॅन: या चुका टाळा

बिल्डिंगला आग लागल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी पेपरात एक वाक्य हमखास असतं, इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती. परळच्या क्रिस्टल टॉवरला ऑगस्ट २०१८ मध्ये आग लागली, चार जण गेले, तेव्हा हेच निघालं. ताडदेवच्या सचिनम हाइट्सला जानेवारी २०२२ मध्ये लागली तेव्हाही तेच. यंत्रणा बसवलेली होती, पण ऐन वेळी चालली नाही. म्हणून सोसायटीच्या कमिटीत असाल किंवा नसाल, हे वाचा आणि या रविवारी खाली उतरून स्वतः बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, आला की काम झालं असं समजणं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची आणि वापरणाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे सोसायटीची आहे, आणि दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तसं सर्टिफिकेट घेऊन द्यावं लागतं. आता काही ठिकाणी काय होतं की तीन कोटेशन मागवतात, सगळ्यात स्वस्त असेल त्याला काम देतात, तो माणूस पंप रूमचे दोन फोटो काढतो आणि कागद पाठवून देतो. असं सर्टिफिकेट घेऊ नका. एजन्सीला स्पष्ट सांगा की टेरेसजवळचा सगळ्यात वरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, आमच्यासमोर उघडून पाणी दाखवा, मगच चेक मिळेल.

ही टेस्ट कशी बघायची ते नीट सांगतो कारण सगळा खेळ इथेच आहे. पंप रूममधल्या पॅनलवर प्रत्येक पंपाचा सिलेक्टर स्विच असतो, ऑटो, ऑफ, मॅन्युअल असा. तो ऑटोवर पाहिजे. कितीतरी सोसायट्यांत तो ऑफवर सापडतो आणि विचारलं तर उत्तर मिळतं की जॉकी पंप, म्हणजे लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद होतो, रात्री आवाज येतो, लाइट बिल वाढतं, म्हणून बंद ठेवला. अहो, जॉकी सारखा सुरू होतोय म्हणजे लाइनमध्ये कुठेतरी प्रेशर गळतंय, ते शोधायचं सोडून पंपच बंद केला तर आगीच्या वेळी कोण धावत बेसमेंटमध्ये जाणार? आधी प्रत्येक मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे होज जोडायचा नळ, थेंब-थेंब गळतोय का बघा, मग होज रीलचे सांधे, मग पंपाजवळचा एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह, पाणी मागे सोडतोय का ते, आणि हे सगळं ठीक असेल तर जमिनीखालचा पाइप सडलाय असं धरून चाला, तो खर्च मोठा असतो पण टाळता येत नाही. टेस्टच्या वेळी वरचा हायड्रंट उघडल्यावर प्रेशर पडून आधी जॉकी आणि मग मेन पंप आपोआप सुरू व्हायला हवा. मेन पंप सुरू होऊनही वर पाणी नुसतं ओघळत असेल तर सक्शनचा, म्हणजे टाकीतून पाणी ओढणाऱ्या पाइपचा, व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे का, लाइनमध्ये हवा अडकलीय का हे बघायला सांगा. डिझेल पंप असेल तर बॅटरी बहुतेक वेळा उतरलेलीच असते, तो दर आठवड्याला थोडा वेळ चालवायला हवा.

मजल्यावरचे लाल बॉक्स पण उघडून बघा. काच शाबूत, वर स्टिकर नवा, आणि आत नोझलच नाही असं खूप दिसतं, पितळेचं असतं ना, चोरीला जातं. होजची गुंडाळी वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर घडीवर चिरते, ती पूर्ण सोडून बघायची. एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे का आणि रिफिलची तारीख काय हे बघायला तर कुणीही चालतं, फक्त सीओटूच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन करावं लागतं.

घरात इंटिरिअर करताना होणारी चूक वेगळीच. फॉल्स सीलिंगमध्ये स्प्रिंकलर झाकून टाकतात, रंगवतात, स्मोक डिटेक्टरवरचं धूळ बसू नये म्हणून लावलेलं प्लास्टिक काम संपल्यावरही तसंच राहतं. इंटिरिअरची एनओसी देताना कमिटीने हे लेखी घ्यावं आणि काम झाल्यावर आत जाऊन बघावं.

आता धूर. आगीत बरेच लोक भाजून नाही, गुदमरून जातात, डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आगीत बाथरूममध्ये आसरा घेतलेल्या लोकांचं असंच झालं. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये आग खाली लागली आणि धूर वर चढला. त्यामुळे मीटर रूम आणि जिन्याखाली भंगार, चिंध्या, जुनी गादी काहीही नको, इलेक्ट्रिक डक्टमधली प्रत्येक मजल्यावरची भोकं फायर सीलंटने बंद पाहिजेत, आणि जिन्याचं फायर डोअर वारा येतो म्हणून विटेने अडवून ठेवायचं नाही. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीत लोकांनी आसरा घेण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, गणपतीचं मखर आणि सायकली ठेवणं हा सरळ दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे, यात भिडेखातर गप्प बसू नका.

इमर्जन्सी प्लॅन नोटीस बोर्डवर लावलेला असतो पण रात्रीच्या वॉचमनला विचारा, टेरेसची आणि पंप रूमची चावी कुठे आहे? तो सिक्युरिटी एजन्सीकडून गेल्या आठवड्यात आलेला असतो. प्लॅनमध्ये माणसांची नावं पाहिजेत, १०१ ला फोन कोण करणार, मेन स्विच कोण पाडणार, लिफ्ट खाली आणून कोण थांबवणार, गेटवरच्या फायर ब्रिगेड इनलेटसमोरच्या, म्हणजे बंबाचा पाइप जोडायच्या तोंडासमोरच्या, गाड्या कोण हलवणार. शिवाय प्रत्येकाला बदली माणूस, कारण दुपारी अर्धी सोसायटी ऑफिसला असते. व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज टाकणं म्हणजे फोन करणं नव्हे, आधी १०१.

आणि सगळ्यांनी सरळ जिन्याकडे पळायचं हेही चूक आहे. जिना मोकळा असेल तर दार ओढून घेऊन खाली उतरा, लिफ्ट नको. पण दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, गरम असेल किंवा बाहेर काळा धूर असेल तर आतच थांबा, फटीत ओला टॉवेल कोंबा, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, बाल्कनीकडे जा आणि फायर ब्रिगेडला मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. क्रिस्टल टॉवरमध्ये दहा वर्षांच्या मुलीने लोकांना ओलं कापड नाकाला धरायला सांगितलं होतं, शाळेत शिकलेलं तिला आठवलं. खिडकीला पूर्ण बंद बॉक्स ग्रिल असेल तर त्यात आतून उघडणारी झडप करून घ्या आणि तिची चावी तिथेच टांगा.

मॉक ड्रिल रविवारी सकाळी अकराला सूचना देऊन करता ते ठीक, पहिलं तसंच करा, पण पुढचं संध्याकाळी आठला करा आणि कोण उतरू शकलं नाही ते लिहून घ्या. गुडघेदुखीच्या आजी, बाळंतीण, पॅरॅलिसिसचे काका, त्यांचा फ्लॅट नंबर आणि त्यांना कोण आणणार हे सिक्युरिटी केबिनमध्ये लिहिलेलं हवं, आणि भाडेकरू बदलला की ती यादी त्याच दिवशी बदलायची.