दहा मीटरची एअर रायफल रेंज: मागचा पत्रा कसा बसवायचा

नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकलं ते 50 मीटरवर, .22 बोअरच्या रायफलने. त्या गोळीचा जोर एअर रायफलच्या छर्‍याच्या साधारण 18 पट असतो. खाली दिलेली बांधणी फक्त 4.5 मिमीच्या शिशाच्या छर्‍यासाठी आहे. तिच्यावर .22 झाडायची नाही. लोखंडी बीबी, म्हणजे बारीक गोल गोळीसुद्धा नाही. ती चपटी होत नाही, थेट उलटी येते.

आधी हॉल मोजा. 10 मीटर हे फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या कागदापर्यंत. त्यामागे छर्रे अडवणार्‍या पत्र्याला सव्वा मीटर, नेमबाजामागे अडीच-तीन मीटर. म्हणजे 14 मीटरच्या आत जमत नाही.

बाजारात 1250 × 2500 मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा मिळतो, तो 3 मिमी जाडीचा घ्या. आडवा धरून 45 अंशांत कलता बसवा, वरची कड नेमबाजाकडे. उभी उंची 88 सेंमी मिळते. खालची कड जमिनीपासून 95 सेंमीवर ठेवली की टार्गेटच्या मध्याची 1.40 मीटर उंची बरोबर पत्र्याच्या मधोमध येते. छर्रा पत्र्यावरून खाली वळतो आणि खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये पडतो. पत्रा सरळ उभा लावला, तर शिशाचे तुकडे चहूबाजूंना उडतात. उलटा कलवला, तर ट्यूबलाइट गेलीच म्हणा.

एका पत्र्याचं वजन 74 किलोच्या आसपास भरतं. अँगलची चौकट आरसीसीत अँकर बोल्टने धरा, नुसत्या प्लास्टरवर भरवसा नको.

घोळ होतो तो सांध्यात. बोल्टचं डोकं समोर राहिलं की त्यावर बसलेला छर्रा कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून ब्रॅकेट मागून वेल्ड करा. दोन पत्र्यांचा जोड दोन लेनच्या मधे आणा, मागून पट्टी द्या आणि वेल्ड ग्राइंडरने सपाट करा. पत्र्याच्या वर-खाली उघडी भिंत दिसत असेल, तिथे 19 मिमी प्लाय मारा. लाइनच्या पुढे दार असेल तर ते आतून कायमचं बंद.

ट्रेला पुढून 10 सेंमीची कड हवी, तळाला जाड ताडपत्री. तिथे कार्पेट घालू नका, शिशाची धूळ त्यात मुरते. कोरडा झाडू तर नकोच. ओल्या फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा.

रेंज सुरू करण्याआधी ट्रेसमोर, जमिनीवर आणि बाजूच्या भिंतींवर पांढरे चार्ट पेपर चिकटवा. चष्मे घालून प्रत्येक लेनमधून 50 छर्रे मारा. ट्रेबाहेरच्या कागदावर राखाडी ओरखडा किंवा भोक दिसलं, तर त्या लेनचा कोन आणि सांधा पुन्हा तपासा.