स्ट्रासबर्गमधले पहिले आठवडे: आधी टपालपेटी, मग कथीड्रल

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला मास्टर्ससाठी निघालेली मुलं मला ठरलेले प्रश्न विचारतात. फ्रेंच किती लागतं, व्हेज मिळतं का, पार्टटाइम काम करता येतं का. सगळ्यांची उत्तरं देते, पण त्याआधी कुणीच न विचारलेली एक गोष्ट सांगते: खोलीवर पोचलात की बॅग उघडायच्या आधी खालच्या टपालपेटीवर आपलं नाव लावा.

फ्रान्सचा कारभार अजून पोस्टमनच्या खांद्यावर आहे. बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं, पिन दुसऱ्या, आरोग्य विम्याचं पत्र तिसऱ्या. पेटीवर नाव नसेल तर पाकीट आल्या वाटेने परत जातं. शेजारपाजारी चौकशी वगैरे कुणी करत नाही. त्यात आपली मराठी नावं. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेकांच्या स्वतःच्या नावामागे वडिलांचं नाव असतं. इथली कार्यालयं ते तुमचंच दुसरं नाव धरतात. कुठे दोन्ही छापतात, कुठे एकच. मला एक पत्र चक्क वडिलांच्या नावाने आलं होतं, आधी मॅडम लावून! म्हणून पेटीवर आडनाव मोठ्या अक्षरांत हवं आणि प्रत्येक अर्जात पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं. एका अक्षराचा फरक पडला तर दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पत्र.

आता कागदांची साखळी. बँक पत्त्याचा पुरावा मागते. घरमालक ‘रिब’ मागतो, म्हणजे बँक खात्याचा तपशील असलेला एकपानी कागद. मोबाईलवालासुद्धा रिबच मागतो. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना! यातून सुटका पत्त्याच्या बाजूने होते. क्रूस या विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली असेल तर ऑफिसातून राहत असल्याचं पत्र घ्या. ओळखीच्या कुणाकडे उतरला असाल तर त्यांचं निवासाचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि वीजबिल, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. बँकेने नकार दिला तर तो लेखी मागा. खातं असणं हा इथे कायदेशीर हक्क आहे. नकाराचं पत्र घेऊन ‘बांक द फ्रान्स’ या इथल्या मध्यवर्ती बँकेकडे अर्ज केला की ते एखाद्या बँकेला तुमचं खातं उघडायला लावतात.

खासगी खोली शोधणाऱ्यांसाठी खरा अडथळा जामीनदाराचा. घरमालकाला फ्रान्समध्ये कमावणारा माणूस हवा असतो, तो आपण आणायचा कुठून? त्यासाठी ‘व्हिझाल’ नावाची मोफत हमी योजना आहे. व्हिसा हातात पडल्या पडल्या घरूनच ऑनलाइन अर्ज करा. ती हमी नसेल तर जाहिरात बघून केलेल्या चौकशीला बरेचदा उत्तरसुद्धा येत नाही.

बाकीच्या कागदांचा क्रम साधारण असा. विद्यापीठातल्या नोंदणीआधी ‘सेवेक’ हे विद्यार्थी सुविधांसाठीचं शुल्क भरून त्याची पावती घ्यायची. 2023 मध्ये मी 100 युरो भरले. आल्यापासून तीन महिन्यांच्या आत विद्यार्थी व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा. ही मुदत चुकवू नका. एरवी उशीर खपून जातो, इथे नाही. मग आमेली या सरकारी आरोग्य विम्याच्या संकेतस्थळावर आरोग्य विम्याची मोफत नोंदणी. घरभाड्याच्या मदतीसाठी ‘काफ’ या सरकारी भत्ते देणाऱ्या कार्यालयाकडे जावं लागतं, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे तिथले नियम बदलत असतात, त्यामुळे ते पैसे धरून महिन्याचा हिशेब मांडू नका. या सगळ्या प्रवासात जन्मदाखला लागतो. आई-वडिलांची नावं असलेला दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का घेऊन, आणा आणि त्याचं फ्रेंच भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

एवढं मार्गी लागलं की शहराकडे बघायला मान वर करता येते. जुनं शहर इल नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर आहे आणि 1988 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. कथीड्रल, म्हणजे इथलं मुख्य चर्च, 142 मीटर उंच. 1647 ते 1874 एवढी वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत हीच होती. आतलं खगोलीय घड्याळ दुपारी साडेबाराला येशूच्या शिष्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक काढतं. ते पाहुणे आले की दाखवायचं. तुमचे वर्ग मात्र बहुधा एस्प्लानाद भागातल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या काँक्रीटच्या इमारतींत भरतील. फोटोतलं शहर आणि रोजचं शहर यांच्यात ट्रामचे काही थांबे आहेत. सायकल घेतलीत तर तेही नकोत, फक्त कुलूप महागातलं घ्या.

स्ट्रासबर्ग ज्या भागात आहे ते अल्सास 1871 ते 1918 जर्मनीकडे होतं, आणि त्या काळाचे काही कायदे अजून टिकून आहेत. गुड फ्रायडे आणि 26 डिसेंबरला इथे सुट्टी असते, उरलेल्या बहुतेक फ्रान्समध्ये नसते. रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा नियमही इथे जास्त कडक आहे. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी आणून ठेवली नाही तर रविवार मॅगीवर.

खरेदीला स्ट्रासबर्गची माणसंच सरळ जर्मनीत जातात. डी ट्राम ऱ्हाईन ओलांडून केल गावात पोचते. साबण, शाम्पू, टूथपेस्ट तिकडे बरंच स्वस्त. 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मन पोलीस या सीमेवर तपासणी करतात, तेव्हा शाम्पू आणायला निघालात तरी पासपोर्ट खिशात हवा.

व्हेजचं सांगायचं तर विद्यापीठाच्या खाणावळीत माझ्या वेळी 3.30 युरोत जेवण होई आणि एक शाकाहारी पदार्थ बहुधा असे. स्थानिक पदार्थांत मात्र सांभाळून. फ्लामेक्यूश हा कागदासारखा पातळ, क्रीम-कांद्याचा प्रकार बघायला निरागस दिसतो, पण त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. ‘सां लार्दों’, म्हणजे ते तुकडे न घालता, म्हणून मागा. सोललेली मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात ‘लांतीय कोराय’ नावाने मिळते. मसाले आणि कोथिंबीर स्टेशनच्या आसपासच्या तुर्की आणि आशियाई दुकानांत. कुकर आणणार असाल तर इंडक्शनवर चालणाराच आणा.

कामाचं उत्तर छोटं आहे: विद्यार्थी व्हिसावर वर्षाला 964 तास. पण पहिल्या सत्रात मी तरी कुणाला सुचवणार नाही, कारण फ्रेंच. वर्ग इंग्रजीत असले तरी वसतिगृहाचं ऑफिस, डॉक्टर, काफ सगळं फ्रेंचमध्येच, आणि सुरुवातीच्या संध्याकाळी विद्यापीठाच्या भाषावर्गात घालवणं जास्त फायद्याचं. दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणून मगच काय हवं ते विचारा. थेट प्रश्न विचारलात तर समोरचा आधी शांतपणे ‘बोंजूर’ म्हणतो आणि तुमच्या तोंडून येईपर्यंत थांबतो.

शेवटचा मुद्दा निकालाचा. इथे गुण 20 पैकी देतात. 10 ला पास, 12 ला ‘आसे बियँ’ (बऱ्यापैकी), 14 ला ‘बियँ’ (चांगलं), 16 ला ‘त्रे बियँ’ (फार चांगलं). आणि 16 फारच थोड्यांना पडतात. घरी फोनवर 13 सांगितले की आई मनात 65 टक्के करते आणि गप्प होते. तिला वर्गाची सरासरी सांगा. पुढे पीएचडीसाठी अर्ज करताना टक्के काढत बसू नका. 20 पैकीचा आकडाच लिहा, शेजारी मिळालेली श्रेणी लिहा आणि विभागाकडून वर्गातल्या क्रमांकाचं पत्र जुलैच्या सुट्टीआधी मागून घ्या, कारण ऑगस्टमध्ये ऑफिसात चिटपाखरूही नसतं.